नको नावाचे पॉइंट

पाचूबंदरहून येणारी मासेवाली मावशी पावसाळ्यात सुकं घेऊन येते. बोंबील, जवळा, करंदी. मासेमारीला बंदी असते, ओलं मिळत नाही. त्या दिवशी तिने टोपली पायरीवर टेकवली, पण वरचं फडकं उचललं नाही. पदराच्या गाठीतून प्लास्टिकच्या पुडीत गुंडाळलेलं एक मेमरी कार्ड काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

“बाय, तू घरात बसून कंप्युटरचं काम करतेस ना? मंग यातलं त्या नव्या मशीनीत घाल.”

“यात काय आहे, मावशी?”

“आख्खा दर्या हाय,” ती म्हणाली. “आनि जवळा किती देऊ?”

मावशीचा नवरा तांडेल आहे. तांडेल म्हणजे बोट हाकणारा आणि बोटीवर ज्याचा शब्द शेवटचा असतो तो. बोट घरचीच. साखरेच्या आजाराने त्याचे डोळे अधू केले होते. ऑपरेशन झालं, पण फरक थोडाच पडला. दर्या दिसतो, अक्षर दिसत नाही, असं तो स्वतः सांगायचा. या हंगामापासून तो बोटीवर जाणार नव्हता. त्याच्या जागी त्याचा धाकटा भाऊ जाणार होता, अख्ख्या हंगामाचा तांडेल म्हणून पहिल्यांदाच.

बोटीवरचं जीपीएस यंत्रही त्याच सुमारास निकामी होत आलं होतं. पडद्याचा अर्धा भाग काळा पडला होता. नवं यंत्र आणलं, ते दुसऱ्या बनावटीचं. जुने पॉइंट यात आपोआप येणार नाहीत, एकेक हाताने भरावे लागतील, असं दुकानदाराने सांगितलं. पॉइंट म्हणजे समुद्रातली एक जागा. यंत्र तिचे अक्षांश-रेखांश लक्षात ठेवतं आणि माणूस तिला रोमन लिपीत चार-सहा अक्षरांचं नाव देतो. कुठे जाळं टाकायचं, कुठून वळायचं, कुठे अजिबात जायचं नाही, हे सगळं त्या नावांत.

यंत्रं येण्यापूर्वी हे काम किनाऱ्यावरच्या खुणा करत. तुंगारच्या डोंगराचा माथा आणि देवळाचा मनोरा एका रेषेत आला की अमुक जागा, अर्नाळ्याचा किल्ला त्या रेषेच्या उजवीकडे सुटला की तमुक. वसईच्या ख्रिस्ती वस्तीत चर्चला देऊळच म्हणतात. तांडेल असा जोड लावत लावत शिकला होता. धाकटा बोटीवर आला तेव्हा यंत्र आधीच बसलेलं होतं, त्यामुळे त्याला जोड कधी लावावा लागला नाही. हे कार्ड वाया गेलं असतं तर तो ओळखीच्या पाण्यात नवखा म्हणून गेला असता.

त्या पाण्यात धोका खरा होता. आमच्या किनाऱ्यावर डोल जाळी लावायला समुद्राच्या तळात लांब लाकडी खांब ठोकतात. त्यांना कव म्हणतात. कव जुनी होते, मोडते, मालक नवी ठोकतो, पण जुनीचा बुडखा पाण्याखाली तसाच राहतो. वरून काही दिसत नाही. त्यावर जाळं अडकलं तर फाटतं. दोर इंजिनच्या पंख्यात गेला आणि भरतीचा जोर असला तर बोट कलंडते. तांडेलाच्या बोटीवर असा एक प्रसंग येऊन गेला होता. त्यात कुणी दगावलं नाही, पण त्या दिवशी बोटीवर असलेला एक खलाशी नंतर कधी समुद्रावर गेला नाही. तो आता मनवेलपाड्यात रिक्षा चालवतो.

मी अनेक वर्षं एका मराठी वृत्तपत्राच्या डेस्कवर काढली. शेवटच्या काळात वृत्तसंस्थांच्या बातम्या तारेऐवजी एक्सएमएल फाइलींतून यायला लागल्या. त्यातून मथळा, गाव आणि मजकूर वेगळा काढणारे छोटे प्रोग्रॅम कुणीतरी लिहायला हवे होते. ते माझ्याकडे आले. नोकरी सुटल्यावर सांडोरच्या घरी बसून मी तेच करते, आता वेगवेगळ्या लोकांसाठी.

कार्डातली फाइलही एक्सएमएलच निघाली. एक्सएमएलमध्ये मजकूर खुणांच्या जोडीत बंद केलेला असतो, आणि एका जोडीच्या पोटात दुसरी जोडी बसते. अशा प्रत्येक जोडीला नोड म्हणतात. सगळ्यांत बाहेर एक मूळ नोड असतो. त्याच्या पोटात प्रत्येक पॉइंटचा एक नोड होता, त्या नोडवर अक्षांश-रेखांश, आणि पोटात नाव, तारीख आणि वेळ. ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषेत असा नोड नुसता मजकूर राहत नाही. त्याला प्रश्न विचारता येतात. तुझं नाव काय, तुझा पालक कोण, तुझ्या पोटात काय आहे, तुझ्या आधीचं आणि नंतरचं भावंड कोण. लूप म्हणजे पहिल्या नोडपासून शेवटच्यापर्यंत जाऊन प्रत्येकाला तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारणं. मिळालेली उत्तरं नव्या यंत्राच्या रचनेत लिहून काढली की काम झालं.

नावं वाचून मी धाकट्याला फोन केला. त्यात तुंगार होतं, क्रूस होतं, सरंगा होतं. पण पुन्हा पुन्हा येणारं एक नाव होतं, एन-ए-के-ओ. नको. इतर कुठलंही नाव दोनदा आलेलं नव्हतं.

“हे नको म्हणजे काय?”

“अरे हां, ते,” धाकटा म्हणाला. मागे घासकामाचा आवाज येत होता, बोटीचा तळ खरवडत होते. “ते फालतू आहेत मॅडम. काढून टाका. बटन चुकून दाबलं की पॉइंट सेव्ह होतो. डिलीट कसा करायचा ते त्या मशीनमध्ये सापडायचंच नाही. मग मी नावच नको देऊन टाकायचो. नंतर बघू म्हणून.”

“सगळे काढू?”

“बिनधास्त.”

मला ते पटलं. डेस्कवर मुद्रितं तपासताना आमचे वृत्तसंपादक जो परिच्छेद गाळायचा त्याच्या बाजूला समासात लाल पेनने हाच शब्द लिहीत. बातमी पुरती वाचून झालेली असो वा नसो, नको दिसलं की परिच्छेद निघे. कुणी का म्हणून विचारत नसे.

लूपमध्ये एक अट वाढवली. नाव नको असेल तर नोड काढ. प्रोग्रॅम चालवला, नवी फाइल कार्डावर टाकली. जुनी फाइल जशीच्या तशी बाजूला ठेवली, कारण मूळ प्रतीला हात लावायचा नाही ही सवय डेस्कवर लागलेली आहे आणि ती सुटत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कार्ड द्यायला पाचूबंदरला गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बोटी शाकारलेल्या होत्या, काहींवरची झावळ्यांची झापं उतरवायला सुरुवात झाली होती. मावशीच्या ओटीवर निळं जाळं पसरलेलं होतं. पावसाळाभर घरातल्या सगळ्यांनी मिळून ते दुरुस्त केलं होतं. तांडेल त्याच्या कडेला बसून बोटांनी गाठी चाचपत होता. डोळ्यांना गाठ दिसत नसली तरी सैल गाठ बोटांना कळत होती, आणि तो ती सुईने पुन्हा आवळत होता.

धाकट्याने कार्ड यंत्रात घातलं. पडद्यावर किनारा आला, मग पॉइंट उमटले. त्याने बोटाने नकाशा सरकवला आणि हसला.

“मॅडम, नको अजून आहेत की. हे बघा. एक, हा दुसरा, हा तिकडे एक. अर्धेच काढले तुम्ही.”

तांडेलाची सुई थांबली.

“कुठलं नको काढलं?”

“ते फालतू पॉइंट रे दादा.”

“फालतू?” तांडेल उठला. उठताना जाळ्यात पाय अडकला, मावशीने हात दिला, तो त्याने झटकला. “तुजा बापूस फालतू! ते नको म्हंजे जाऊ नको! तिकडं जाऊ नको! बुडखे हायत तिकडं!”

“नको म्हणजे पाहिजे नाय, असं,” धाकटा म्हणाला.

“कोनाला पायजे नाय?”

“मला. मीच लिहिलेत ते.”

“मी लिवलंत!”

“तू कधी लिहिलंस? तुला बटन तरी दिसतं काय?”

“तवा दिसत होतं!”

मावशी माझ्याकडे वळली. “बाय, चहा ठेवते. ह्ये दोगं आता दिवेलागनीपर्यंत चालतील.”

चहा होईपर्यंत गोष्ट स्पष्ट झाली. बोट लांबच्या फेरीला गेली की दोघे आळीपाळीने सुकाणू धरत. एक झोपे, दुसरा हाकी. यंत्र एकच. तांडेलाला रोमन अक्षरं मोजकीच लिहिता यायची. जिथे जाळं अडकलं तिथे तो हे चार अक्षरी नाव देई. त्याच्या अर्थाने ते ताकीद होतं. धाकटा चुकून पडलेल्या पॉइंटला तेच नाव देई, त्याच्या अर्थाने ते केर होतं. एकाला दुसऱ्याचे पॉइंट दिसत होते, पण प्रत्येकाने ते आपलेच समजले. इतकी वर्षं बुडख्यांच्या जागा पाठ असलेला तांडेल बोटीवर असायचा, म्हणून गोंधळ झाला नाही. आता धाकटा एकटाच जाणार होता.

अर्धे नको राहिले कसे, हे मी घरी येऊन पाहिलं. कारण साधं होतं आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ओळखीचं. नोडची ही यादी जिवंत असते. तिसरा नोड काढला की चौथा सरकून तिसऱ्याच्या जागी येतो. लूपला ते माहीत नसतं. तो आपला पुढे चौथ्या जागेवर जातो आणि सरकून आलेला नोड न विचारताच मागे राहतो. एकापाठोपाठ दोन नको आले की दुसरा वाचतो. हे टाळायचं तर यादी शेवटून सुरुवातीकडे चालायची, किंवा आधी सगळे वेचून बाजूला ठेवायचे आणि मग काढायचे. चालता चालता काढायचं नाही. लूप बरोबर लिहिला गेला असता तर नव्या यंत्रात एकही नको उरला नसता, धाकटा हसला नसता, आणि तांडेलाला काही कळलं नसतं. बोट तशीच गेली असती.

बंदी उठायच्या आदल्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन पुन्हा गेले. मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, आटोपून घरची माणसं परतली होती. बोटीवर आशीर्वाद द्यायला फादर संध्याकाळी येणार होते. तोवर हे संपवायचं होतं. धाकटा नव्या शर्टात होता आणि वैतागलेला होता. वाटेत तीन जणांनी त्याला नवा तांडेल म्हणून हाक मारली होती, आणि घरात मोठा भाऊ त्याच्याशी बोलत नव्हता.

नवा लूप काहीच काढत नव्हता. तो मूळ फाइलवर चाले, नको नावाच्या प्रत्येक नोडपाशी थांबे आणि माझ्या उत्तराची वाट पाही. ठेव, काढ किंवा नाव बदल.

मी पहिल्या नोडचे अक्षांश-रेखांश वाचून दाखवले. तांडेलाने मान हलवली.

“आकडं नको सांगू, बाय. त्याच्या आदी काय हाय ते सांग.”

“आधी म्हणजे?”

“त्याच्या आदी कुठला पॉइंट मारलाय? मंग त्याच्या नंतर कुठला?”

त्याला जागा आकड्यांनी आठवत नव्हती, फेरीने आठवत होती. इथून निघालो, मग हे लागलं, मग ते. फाइलमध्ये पॉइंट ज्या क्रमाने नोंदले गेले त्याच क्रमाने होते, त्यामुळे त्याला हवं ते एका प्रश्नात मिळणार होतं. तुझ्या आधीचं भावंड कोण? मी लूपमध्ये तो प्रश्न घातला आणि चालवला. उत्तर कोरं आलं. नंतरचं विचारलं, तेही कोरं.

“काय हाय?” तांडेलाने विचारलं.

“रिकामं दाखवतंय.”

“आदी पन रिकामं, नंतर पन रिकामं?”

“हो.”

“बरोबर हाय की,” तो म्हणाला. “मदी पानी हाय.”

धाकटा खो खो हसला. दोन दिवसांत तो पहिल्यांदाच मोठ्या भावाकडे बघून हसत होता. मीही हसले, आणि मग लक्षात आलं की तांडेलाचं म्हणणं शब्दशः खरं आहे. फाइल वाचायला सोपी जावी म्हणून दोन नोडच्या मध्ये नवी ओळ आणि काही मोकळ्या जागा सोडलेल्या असतात. माणसाच्या डोळ्याला ते काहीच नाही. प्रोग्रॅमच्या लेखी मात्र ती मोकळी जागाही एक नोड असते, आणि प्रत्येक पॉइंटचं लगतचं भावंड दुसरा पॉइंट नसून तीच असते. तिला ओलांडून पुढे जा, असं वेगळं सांगावं लागतं. ते सांगितलं. मग आधी क्रूस आलं, नंतर सरंगा.

“हां,” तांडेल म्हणाला. “क्रूसवरनं निगालो, ओहोटी होती. ह्यो बुडखाच. ठेव.”

असं चाललं. मी आधीचं नाव आणि नंतरचं नाव वाचायची. तो डोळे मिटायचा. कधी लगेच बोलायचा, कधी बोटं हवेत हलवून सुकाणू धरल्यासारखं काहीतरी करायचा. धाकटा मध्ये पडायचा. हा माझा, त्या दिवशी मोबाइल हातातून पडला आणि बटन दाबलं गेलं, काढा. यावर तांडेल म्हणायचा, मोबाइल पडला तेच चांगलं झालं, सुकाणू सोडून बायकोशी बोलत होतास. धाकट्याची बायको आतून म्हणायची, दादा, मी नव्हते हां, असेल कोणी दुसरी. मग ओटीवर सगळे हसायचे आणि लूप पुढच्या नोडवर जायचा.

जे पॉइंट खात्रीचे बुडखे ठरले त्यांना धाकट्याने खुंट असं नाव द्यायला सांगितलं. जे खात्रीचे फालतू ठरले ते मी वेचून बाजूला ठेवले, काढायचं शेवटी.

एका नोडवर दोघे अडले. आधीचं नाव सरंगा, नंतरचंही सरंगाच्या जवळचं. म्हणजे पापलेट मिळण्याच्या सगळ्यांत चांगल्या जागेच्या अगदी लगत.

“बुडखा,” तांडेल म्हणाला.

“दादा, हा माझा आहे. शंभर टक्के माझा. सरंगा एकदा सेव्ह केला, मग परत दाबला गेला, मग मी त्याला नको दिलं. तिथे जाळं टाकायचं नाही तर मग टाकायचं कुठे?”

“मी सांगतो ना, बुडखा हाय. जाळ्याची आख्खी बाजू गेली होती. मना आठवतं, वाऱ्याची दिशा सुदिक आठवते.”

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. मी नोडच्या पोटातली तारीख वाचली.

मावशी दारात उभी होती. ती म्हणाली, “तो आटवडा आपन हास्पिटलात होतो. नाताळाच्या आदी. तुमच्या डोळ्यावर पट्टी होती.”

जाळ्याची कड हातात घेऊन तांडेलाने एक गाठ चाचपली, मग तीच पुन्हा चाचपली. धाकटा जिंकला होता, पण त्याच्या तोंडावर तसं काही दिसत नव्हतं.

“मंग काढ,” तांडेल म्हणाला. आणि जाळं खाली ठेवून, “मंग मगाचे पन बघा परत. मना वाऱ्याची दिशा आठवत होती. ती कुठल्या दिवसाची आठवली मग?”

हा प्रश्न त्याने कुणाला विचारला हे कळत नव्हतं. बातमीत एक तपशील खोटा निघाला की बाकीच्या परिच्छेदांकडे आम्ही त्याच नजरेने बघायचो, आणि पुष्कळदा सगळी बातमी बाजूला टाकायचो. तो नियम इथे लावला असता तर खुंट म्हणून ठेवलेले निम्मे नोड गेले असते. मी तारखा पुन्हा तपासल्या. काहींच्या बाबतीत धाकटा तेव्हा बोटीवर नव्हता, ते नक्की तांडेलाचेच. बाकीच्यांवर दोघेही बोटीवर होते. तिथे तारीख काही सांगू शकत नव्हती. त्यांना आधार फक्त तांडेलाच्या आठवणीचा.

“हे खुंट म्हणून ठेवायचे की काढायचे?” मी विचारलं.

“काढून टाक,” तांडेल म्हणाला. “माज्या भरवशावर पोरांना नको...”

“नाय,” धाकटा म्हणाला. “ठेवा मॅडम. पण खुंट नका लिहू. वेगळं नाव द्या, म्हणजे मला कळेल कुठलं पक्कं आणि कुठलं नाय.”

“काय देऊ?”

त्याने क्षणभर विचार केला. “दादा.”

“काय?” तांडेल म्हणाला.

“डी-ए-डी-ए. जवळ गेलं की मशीन ओरडेल, दादा आला. मग मी मोबाइल खिशात ठेवीन.”

आतून पुन्हा हसण्याचा आवाज आला. तांडेल हसला नाही, पण त्याने विरोधही केला नाही. मी उरलेल्या नोडची नावं बदलली, बाजूला वेचलेले काढले, फाइल कार्डावर टाकली. यंत्रात उघडून प्रत्येक नाव धाकट्याने मोठ्याने वाचलं. संध्याकाळी फादर आले, बोटीवर पवित्र पाणी शिंपडलं. बंदी उठली त्या दिवशी तांडेल काठीच्या आधाराने धक्क्यापर्यंत आला. बोट निघाली तेव्हा तो बोटीकडे बघत नव्हता, इंजिनचा आवाज ऐकत होता.

हंगाम सुरू झाल्यावर मावशी ओलं घेऊन यायला लागली. बोटीबद्दल विचारलं की हाय की, चाललंय, एवढंच म्हणायची. धाकटा स्वतः आला तो गणपतीनंतर. हातात तेच कार्ड होतं आणि पिशवीत दोन सरंगे.

“मॅडम, एक पॉइंट सरकवायचाय. मशीनमध्ये जमत नाय, नवीनच तयार होतो.”

“कुठला?”

“दादा. तो क्रूसच्या बाहेरचा.”

मी फाइल उघडली. त्याने सांगितलं, ते त्या पॉइंटपासून अंतर राखूनच जाळं टाकत होते. बरंच अंतर. तरी जाळं अडकलं. ओहोटी जोराची होती आणि बोट खेचली जायला लागली. पडद्यावर दादा दिसत होता म्हणून त्याने इंजिन बंद केलेलं नव्हतं, एक खलाशी सुरी घेऊन दोरापाशी उभा केला होता. दोर कापला. जाळ्याचा एक तुकडा तिथेच राहिला. बोटीला आणि माणसांना काही झालं नाही.

“म्हणजे बुडखा होता.”

“होता. पण दादाने मारलेल्या जागी नाय, तिथून दक्षिणेला. जुनी मशीन थोडी इकडे-तिकडे दाखवायची. अडकलं तिथे मी लगेच पॉइंट मारला, तो शेवटचा आहे बघा.”

मी शेवटचा नोड उघडला. नाव दिलेलं नव्हतं, यंत्राने दिलेला आकडा तसाच होता. त्याचे अक्षांश-रेखांश घेतले, दादा नावाच्या त्या नोडमध्ये घातले, आणि शेवटचा नोड काढला.

“याला आता खुंट नाव द्यायचं ना? पक्का झाला.”

“नाय, दादाच राहू दे.”

“दादांना सांगितलंस?”

“सांगितलं. म्हटलं, बुडखा होता, तू बरोबर होतास. फक्त जागा जरा सरकलेली.”

“मग?”

“मग काय. जाळ्याचा किती तुकडा गेला ते विचारलं, आणि दोर कोणी कापला ते विचारलं.” धाकट्याने कार्ड खिशात टाकलं आणि पिशवी पायरीवर ठेवली. “आणि बोलला, खुंट काय सरकत नाय. तुझी मशीन सरकली असंल.”